मुक्तिसंग्रामावरचा चित्रपट माहितीपटासारखा खरा कसा वाटेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पैनगंगेकाठच्या नांदेड जिल्ह्यातल्या एका गावातला तरुण १९४७ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात दाखल होतो आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद मुक्तिसंग्रामात काम करतो, अशी पटकथा आपल्याकडे तयार आहे. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ पाहिल्यापासून आपल्या मनात तसाच परिणाम घोळतो आहे, म्हणजे जणू त्या वेळी कोणी प्रत्यक्ष चित्रित करून ठेवले असावे असा. त्यासाठी कॅमेरा हातात धरून चालवावा का, चित्रपट कृष्णधवल करावा का, नट घ्यावेत की गावकरी, आणि मोठी लढाई उभी करण्याइतके पैसे नसताना हे जमेल का, असे आपण विचारले आहे. मी सिनेमॅटोग्राफर आहे. माहितीपट आणि कथापट दोन्ही केले आहेत, आणि त्यातले बरेचसे काम मराठवाड्यातच झाले आहे. त्या आधारावर सविस्तर लिहितो.

हे सगळे प्रश्न तंत्राचे आहेत, पण खरी अडचण तंत्राच्या आधीची आहे. एखादे दृश्य घडवून आणलेले न वाटता घडताना टिपलेले वाटते, ते कशामुळे? माझ्या मते कॅमेऱ्याच्या अज्ञानामुळे. माहितीपट करताना आम्ही सतत अडचणीत असतो. घटनेच्या जागी उशिरा पोहोचतो, चुकीच्या बाजूला उभे असतो, ऐन क्षणी कोणाची तरी पाठ लेन्ससमोर येते, आणि पुढे कोण बोलणार हे ठाऊक नसल्यामुळे बोलणाऱ्यावर कॅमेरा नेईपर्यंत त्याचे अर्धे वाक्य संपलेले असते. कथापटात नेमके उलटे घडते. दार उघडण्याआधीच कॅमेरा दाराकडे तोंड करून बसलेला असतो, कारण दारातून कोण येणार हे त्याने पटकथेत वाचलेले असते. असा सर्वज्ञ कॅमेरा कितीही हलवला आणि त्याच्या चित्रावर जुन्या फिल्मसारखा कितीही ग्रेन (कणीदारपणा) चढवला, तरी प्रेक्षकाला तो ओळखू येतो. त्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा विश्वास बसणार नाही. म्हणून प्रत्येक दृश्यासाठी आधी हे ठरवावे की कॅमेरा कुठे उभा आहे, तिथे त्याला कोणी उभे राहू दिले असते का, आणि तिथून त्याला काय दिसू शकत नाही. कॅमेरा हलवायचा की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

आपण ज्या चित्रपटाचे उदाहरण दिले आहे त्याच्याकडे या नजरेने पुन्हा पाहावे. तो १९६६ चा. दिग्दर्शक जिल्लो पाँतेकोर्वो, लेखक फ्रांको सोलिनास आणि कॅमेरामन मार्चेल्लो गात्ती हे तिघेही इटालियन. पण निर्मात्यांपैकी सादी यासेफ हा स्वतः १९५६-५७ मध्ये अल्जिअर्समधल्या सशस्त्र संघटनेच्या प्रमुखांपैकी एक होता, आणि पडद्यावर त्याने जवळजवळ स्वतःचीच भूमिका केली. नायक अलीचे काम करणारा ब्राहिम हग्गियाग हा नट नव्हताच. मुख्य भूमिकांमध्ये व्यावसायिक नट एकच, कर्नल मात्यू झालेला जाँ मार्तँ. चित्रीकरण अल्जिअर्समधल्या खऱ्या कसबा या जुन्या अरब वस्तीत, स्वातंत्र्यानंतर तीनेक वर्षांतच झाले. म्हणजे ज्या गल्ल्यांत स्फोट झाले त्याच गल्ल्यांत, आणि ते स्फोट ऐकलेल्या माणसांना घेऊन. बातमीपटाचा भास इतका पक्का उतरला की यात बातमीपटाची एक फूट फिल्मही वापरलेली नाही, अशी सूचना अमेरिकेतल्या प्रतींवर घालण्यात आली.

ही माहिती आपल्याला बहुधा असेलच. मला त्यात जास्त महत्त्वाची वाटते ती कामाची तपशीलवार मांडणी. तीन स्त्रिया आरशासमोर केस कापतात, युरोपीय पोशाख चढवतात, टोपल्या आणि पिशव्या घेतात, तपासणी नाक्यातून एकेक जण बाहेर पडते, कॅफेत जाऊन बसते आणि पिशवी पायाने आत सरकवते. यात वीरश्री कुठेच नाही, फक्त क्रम आहे. नंतर कॅमेरा त्यांतल्या एका स्त्रीच्या नजरेने आजूबाजूच्या माणसांकडे पाहतो, त्यात आइस्क्रीम खाणारे एक मूलही असते, आणि दिग्दर्शक त्या मुलावरून नजर हटवू देत नाही. पडद्यावर तारखा आणि वेळा येतात, दोन्ही बाजूंची पत्रके वाचली जातात, ध्वनिक्षेपकावरून हुकूम ऐकू येतात. त्याच वेळी हा चित्रपट काही निव्वळ कोरडा नाही. एन्निओ मोरिकोनेचे आणि स्वतः दिग्दर्शकाचे संगीत त्यात आहे, आणि कसबामधल्या स्फोटात मेलेल्यांवर आणि युरोपीय वस्तीत मेलेल्यांवर एकच संगीत वाजते. बातमीपट असे कधी करणार नाही. म्हणजे माहितीपटाची शिस्त कुठे पाळायची आणि कुठे मोडायची, हे त्या माणसाने फार विचारपूर्वक ठरवले होते.

मात्र हे सगळे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही. अल्जीरियात १८३० पासून फ्रेंचांचा अंमल होता आणि १९५४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा तिथे सुमारे दहा लाख युरोपीय राहत होते. शहर दोन भागांत विभागलेले, भाषा वेगळ्या, पोशाख वेगळे, आणि मध्ये काटेरी तारा. कॅमेऱ्याला दोन बाजू आयत्याच मिळाल्या. हैदराबाद संस्थान ही त्या अर्थाने परक्यांची वसाहत नव्हती. ब्रिटिशांच्या छत्राखाली टिकलेली ती निजामाची सरंजामी राजवट होती, आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर ते छत्र गेल्यावरही ती भारतात विलीन व्हायला तयार नव्हती. गावातला पटवारी, ठाण्याचा अमीन, करोडगिरी (जकात) नाक्यावरचा शिपाई, गढीतला देशमुख आणि राजवटीच्या बाजूने खाकी घालून फिरणारा सशस्त्र रझाकार ही सगळी एकाच आठवडी बाजाराला जाणारी माणसे होती. त्यामुळे इथला ताण कुंपणावर सापडणार नाही, तो ओळखीत सापडेल. बंदूक घेऊन अडवणारा माणूस नायकाच्या बापाला नावाने ओळखतो, त्याच्याकडून कधी ज्वारीही उसनी घेतलेली असते, आणि तरीही तो त्याला अडवतो. हे पडद्यावर आणायला गर्दीची दृश्ये उपयोगी नाहीत. चेहऱ्यावरचे क्षणभराचे संकोच टिपावे लागतात, आणि त्यासाठी कॅमेरा फार धावपळ करत असेल तर ते हातून निसटतात.

दुसरा फरक माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९५७ च्या अल्जिअर्सची बातमीपटांतली चित्रे १९६६ च्या प्रेक्षकाने पाहिलेली होती, म्हणून तशी दिसणारी चित्रे त्याला खरी वाटली. मराठवाड्यातल्या लढ्याची अशी चित्रे जवळजवळ नाहीतच. १९४६ मध्ये अर्जापूरजवळ लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, नाके जाळले गेले, सरकारचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली गेली, उमरखेडच्या बाजूच्या कॅम्पातून माणसे पैनगंगा ओलांडून आली, जानेवारी १९४८ मध्ये उमरीच्या बँकेवर छापा पडला. यांपैकी कशाच्याही वेळी शेजारी कॅमेरा उभा नव्हता. कॅमेरा आला तो भारतीय फौजेबरोबर. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांतले रणगाडे, ट्रक, आणि त्यानंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यासमोर शरण आलेले हैदराबादचे सेनापती एल इद्रूस, ही दृश्ये आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेली आहेत. त्याआधीचे सगळे तोंडी सांगण्यातून, आठवणींच्या पुस्तकांतून, स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रांतून आणि उर्दूतल्या सरकारी दप्तरांतून आपल्यापर्यंत आले आहे. (प्रतिज्ञापत्रे जपून वाचावीत. त्यांतली काही निवृत्तिवेतनासाठीच लिहिलेली असतात, आणि ती चटकन ओळखू येतात, कारण त्यांत प्रत्येक जण सर्वांत पुढे असतो.)

म्हणून माझा सल्ला असा की आपल्या चित्रपटाचे दोन भाग दोन वेगळ्या शिस्तींनी चित्रित करावेत. पहिल्या मोठ्या भागात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पूर्वी, बातमीपटाची नक्कल करूच नये. तिथे कॅमेरा म्हणजे तिथे हजर असलेल्या एखाद्या साक्षीदाराची नजर. ती माणसाच्या उंचीवर असते, झाडामागून किंवा खिडकीच्या फटीतून पाहते, रात्री कंदिलाच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढेच तिला दिसते. ड्रोन अजिबात वापरू नये. हल्ली साखरपुड्याच्या व्हिडिओतही ड्रोन असतो, त्यामुळे निर्माता आग्रह धरेल. पण १९४८ मध्ये कोणाही माणसाने आपले गाव वरून पाहिलेले नव्हते, आणि असा एक शॉट पुढच्या अर्ध्या तासाचा विश्वास घालवतो. फौजा आल्यावर मात्र बातमीपटाची शिस्त आणावी, आणि ती कसून पाळावी. त्या काळी बातमीपटवाले हातात धरायचा जो छोटा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा वापरत, त्यात शंभर फुटांची रीळ बसे आणि ती मिनिटाच्या थोडे पुढे जाऊन संपे. चावी देऊन चालणारा कॅमेरा, महाग फिल्म, भरपूर उजेड लागणारी मंद गतीची इमल्शन्स. असा कॅमेरामन उगाच चित्रित करत सुटत नसे. तो भिंतीला पाठ टेकवून, श्वास रोखून, जमेल तितका स्थिर छोटा शॉट घेई. आपल्याकडे हल्ली माहितीपटाची शैली म्हणजे थरथरता कॅमेरा असा समज आहे, पण हातातला कॅमेरा स्थिर ठेवण्याची धडपड करणारा माणूस आणि मुद्दाम कॅमेरा हलवणारा माणूस यांच्या चित्रांत फार फरक दिसतो. कंप ठरवून आणू नये. जड कॅमेरा द्यावा, अडचणीची जागा द्यावी, आणि ऑपरेटरला शॉट स्थिर ठेवायला सांगावे. जो कंप उरेल तो खरा.

कृष्णधवल करावे का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. १९६६ मध्ये बातमी म्हणजे कृष्णधवल असे समीकरण होते, म्हणून गात्तीने कृष्णधवलात वेगवेगळे प्रयोग करून बातमीपटाचा पोत मिळवला. आज बातमी म्हणजे मोबाइलवरचे उभे चित्र. आजच्या विशीतल्या प्रेक्षकाला कृष्णधवल म्हणजे खरे असे वाटत नाही, जुना सिनेमा असे वाटते. त्यामुळे केवळ खरेपणासाठी कृष्णधवल करू नये. पण आपले बजेट मी समजतो तसे असेल, तर त्याच्या बाजूने एक अगदी व्यवहारी कारण आहे: रंग काढून टाकला की कालविसंगतीच्या निम्म्या गोष्टी लपतात. निळे पत्रे, भगव्या प्लास्टिकच्या घागरी, सिंथेटिक साड्यांचे रंग यांवरचा कला विभागाचा खर्च वाचतो. करायचे असेल तर चित्रीकरणापूर्वीच ठरवून कपड्यांच्या आणि भिंतींच्या चाचण्या कृष्णधवलातच पाहाव्यात. रंगीत चित्रित करून शेवटी ग्रेडिंगमध्ये (संगणकावरच्या रंगसंस्कारात) रंग काढला की मराठवाड्यातली काळी माती, काळे बैल आणि सावळे चेहरे सगळे एकाच करड्या रंगाचे होऊन बसतात. ग्रेन घालायचा असेल तर तोही मॉनिटरवर न ठरवता मोठ्या पडद्यावर तपासून ठरवावा.

हे सगळे प्रत्यक्षात कसे उतरते ते एका दृश्यावरून सांगतो, कारण आपल्या कथेत ते असणारच: करोडगिरी नाका. जानेवारीचे दिवस, सकाळ, कडब्याने भरलेली बैलगाडी सरहद्दीकडून संस्थानात येते आहे आणि कडब्यात काडतुसांची पुडकी आहेत. नेहमीच्या पद्धतीने हे दृश्य लिहिले तर शिपायाचा जवळून चेहरा, नायकाच्या कपाळावरचा घाम, कडब्यातल्या पुडक्यावर कॅमेरा, लोखंडी सळई पुडक्यापासून बोटभर अंतरावरून जाते, आणि पार्श्वसंगीत. यांतला प्रत्येक शॉट हा सर्वज्ञ कॅमेऱ्याचा आहे. मी हे असे करीन: कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे, तपासणीसाठी थांबलेल्या इतर माणसांमध्ये, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. लेन्स लांब, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, १३५ मिलिमीटरच्या आसपास. मधून माणसे आणि जनावरे जात राहतील आणि ती जाऊ द्यावीत. शिपाई सळई खुपसतो ती कंटाळलेल्या हाताने, कारण सकाळपासून त्याने अशा कितीतरी गाड्या पाहिल्या आहेत. तो सळई अर्ध्यावर सोडून दुसऱ्या शिपायाशी दक्खनीत काहीतरी बोलतो, ते आपल्याला नीट ऐकू येत नाही. मग जकातीचे पैसे. गाडीवाल्याकडे कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये) आहेत, शिपाई हाली (संस्थानचे चलन) मागतो, त्यावरून घासाघीस होते. कॅमेरा कडब्याच्या आत एकदाही जात नाही. पुडकी कुठे ठेवली आहेत हे प्रेक्षकाने आधीच्या दृश्यात पाहिलेले आहे आणि तेवढे पुरते. उलट ती दिसत नसल्यामुळेच तो सळईकडे डोळे लावून बसतो. त्या घासाघीशीत जो वेळ जातो तो कापून टाकण्याचा मोह संकलकाला होईल. तो वेळ म्हणजेच ते दृश्य आहे.

या दृश्यासाठी आणखी एक युक्ती, जी मी नेहमी वापरतो. कलाकारांची तालीम पूर्ण घ्यावी, पण ती फोकस पुलरला (फोकस जुळवणाऱ्या सहायकाला) आणि कॅमेरा चालवणाऱ्याला पाहू देऊ नये. मग कॅमेरा खरोखरच शोधत राहतो, आणि फोकस एखाद्या वेळी बैलाच्या शिंगावर अडकून मग माणसावर येतो. ही चूक नंतर मुद्दाम करून कधीच तशी दिसत नाही. अर्थात यासाठी चार-पाच रीटेक परवडले पाहिजेत आणि काही वाया जातील हे निर्मात्याला आधी सांगितलेले पाहिजे.

आता माणसे. गावकरी जरूर घ्यावेत, पण त्यांना संवाद पाठ करायला लावू नयेत. त्यांना काम द्यावे. खरोखर भरलेले पोते उचलायला द्यावे, खरोखर नदीतून जायला सांगावे, बैल खरोखर बुजणारे द्यावेत. एका चित्रपटात आम्ही एका वयस्कर शेतकऱ्याला अशाच झडतीच्या दृश्यात उभे केले होते. सगळ्या शॉटभर तो अंमलदाराकडे न पाहता आपल्या बैलांकडेच पाहत राहिला, कारण रिफ्लेक्टरच्या चमकेने ते बुजतील अशी त्याला भीती होती. सहायक दिग्दर्शक त्याला समजावायला निघाला, त्याला आम्ही थांबवले. अमीन, रझाकारांचा स्थानिक पुढारी, कॅम्पचा प्रमुख अशा ज्या भूमिकांना बोलून समोरच्याचे मन वळवायचे आहे, तिथे मात्र रंगभूमीवर तयार झालेला नट घ्यावा. अल्जिअर्समध्येही कर्नलसाठी नटच घेतला गेला, तो याच कारणासाठी असावा असे मला वाटते. नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या नाटकवाल्यांमध्ये अशी माणसे मिळतील.

गावकऱ्यांबाबत एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आजच्या तरुणांचे शरीर आणि केस १९४८ चे नाहीत. बाजूने भादरलेले केस, व्यायामशाळेतले दंड, मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा. चित्रीकरणाआधी दोन महिने केस वाढवायला सांगावे लागते, आणि ते कोणी मनावर घेत नाही, म्हणून मुख्य गर्दीतल्या माणसांना त्या काळाचेही काही मानधन ठरवावे. बायकांच्या बाबतीत हा प्रश्न कमी येतो. आणि त्यांना केवळ भाकरी देणाऱ्या दाखवू नये. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रिया या लढ्यात प्रत्यक्ष कामात होत्या, आणि निरोप, शस्त्रे, माणसे इकडून तिकडे नेण्याची कामे क्रमाने दाखवली तर त्यांतून जेवढा विश्वास निर्माण होईल तेवढा गोळीबारातून होणार नाही.

जागेच्या निवडीत सर्वांत जास्त वेळ घालवावा. आपण सप्टेंबरची दृश्ये सप्टेंबरमध्येच घ्यायला गेलात तर जिथे पाहाल तिथे सोयाबीन दिसेल, आणि १९४८ मध्ये मराठवाड्यात सोयाबीन नव्हते. त्या वेळच्या शेतात ज्वारी, मूग, उडीद, तूर आणि देशी कापूस असायला हवा. गाजर गवत त्याहून घातक, कारण ते प्रत्येक वाटेच्या कडेला आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ते आपल्याकडे पसरले ते १९५० च्या दशकानंतर. एखादी जुनी ज्वारीची पट्टी शोधून तिच्या मालकाशी पेरणीपूर्वीच बोलून ठेवावे. माळवदाची घरे आणि दगडमातीच्या गल्ल्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर फार कमी उरल्या, गावेच्या गावे नव्या जागी सिमेंटची झाली. त्यामानाने नांदेड, हिंगोलीकडे आतल्या गावांत अजून काही गल्ल्या आणि ढासळत्या गढ्या मिळतात. विजेचे खांब कॅमेऱ्याच्या कोनातून टाळता येतात. नंतर संगणकावर पुसण्याच्या भरवशावर राहू नये, कारण हलत्या लांब लेन्सच्या शॉटमधून खांब पुसणे महाग पडते.

ध्वनीविषयी आपण काहीच विचारलेले नाही, पण माझा अनुभव असा आहे की चित्रातली उणीव प्रेक्षक चालवून घेतो, आवाजातली नाही. पाण्याची मोटार, लांबचा ट्रॅक्टर, हमरस्ता, मोबाइल टॉवरच्या जनरेटरची घरघर आज मराठवाड्यात चोवीस तास असते. रात्री वीज गेलेली असताना तासभर नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवावी. मोटेच्या चाकाचा आवाज आता विकत मिळत नाही. कोणाकडे चालू मोट असेल तर आधी तिथे जावे. बोलीत गुळगुळीत पुणेरी मराठी नको, हे आपल्याला सांगायला नकोच. पण अमीन आणि दप्तरातली माणसे उर्दूत बोलतील, नोटिसा उर्दूत असतील, आणि नायकाला त्या वाचता येत नसतील, तर प्रेक्षकालाही उपशीर्षक देऊ नये. दुसऱ्याने वाचून दाखवेपर्यंत दोघांनीही थांबावे.

इथपर्यंतचे सगळे एकाच गोष्टीचे वेगवेगळे अंग आहे: कॅमेऱ्याला आणि प्रेक्षकाला दृश्यातल्या माणसापेक्षा जास्त कळू द्यायचे नाही. त्याच तत्त्वातून पैशाच्या प्रश्नालाही उत्तर मिळते. छापा घालायला गेलेल्या तुकडीतल्या बहुतेकांना छापा दिसतच नाही. कोणी पुलाखाली पहाऱ्यावर असतो, कोणी घोडी धरून उभा असतो, त्याला आवाज ऐकू येतात आणि मग माणसे धावत येतात. आपला नायक असा बाहेर उभा असलेला माणूस असेल तर उमरीची बँक आतून उभारावीच लागणार नाही. गोळीबार दाखवायचाच असेल तर परवानाधारक पुरवठादाराकडूनच ब्लँक (गोळी नसलेली काडतुसे) आणि शस्त्रे आणावीत, आणि स्थानिक ठाण्याची लेखी परवानगी घेऊन गावात आदल्या दिवशी दवंडी द्यावी. गावातली ठासणीची जुनी बंदूक मात्र शूटिंगला कधीही वापरू नये, ती कितीही निकामी असल्याचे मालक सांगत असला तरी.

एक विषय उरतो, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो: विरोधक आणि शेवट. अल्जिअर्सच्या चित्रपटातला कर्नल बुद्धिमान आहे, सभ्य आहे. पत्रकारांनी छळाविषयी विचारल्यावर तो त्यांनाच उलट विचारतो की फ्रान्सने अल्जीरियात राहावे असे तुम्हाला वाटते का, आणि वाटत असेल तर त्याचे सगळे परिणाम तुम्हीही स्वीकारले पाहिजेत. या उत्तराने तो माणूस जास्त भीतिदायक होतो. आपल्या पटकथेतले रझाकार मात्र, आपण दिलेल्या सारांशावरून, केवळ दाढी कुरवाळत हसताना दिसतात. कासिम रझवी लातूरला वकिली करत होता; तो माणसांना पटवून देत होता. ती माणसे त्याच्याबरोबर का गेली हे दाखवल्याशिवाय त्यांच्या अत्याचाराचे वजन कळत नाही. आणि सगळे मुसलमान त्या बाजूचे नव्हते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

शेवट १७ सप्टेंबरच्या झेंड्यावर करण्याचा आपला विचार आहे. माहितीपटाची शिस्त खरोखर पाळायची असेल तर कॅमेरा त्या दिवशी बंद करता येत नाही. पोलीस कारवाईच्या, म्हणजे सप्टेंबरमधल्या त्या फौजी मोहिमेच्या, दिवसांत आणि त्यानंतर संस्थानात मुसलमानांवर जे हल्ले झाले, त्यांची चौकशी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने अगदी सावध अंदाजानेही २७ ते ४० हजार माणसे मेल्याचे नोंदवले, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडही होते. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. म्हणजे इथेही कॅमेरा नव्हता. आपला साक्षीदार त्याच गावात राहणारा असेल तर त्याने तेही पाहिलेले असणार. हे किती आणि कसे दाखवायचे हा आपला निर्णय आहे. प्रदर्शनाच्या वेळी त्याचा त्रास होऊ शकतो हेही मी नाकारत नाही. पण दोन्हीकडच्या मृतांना एकच संगीत देणाऱ्या चित्रपटाचा आदर्श आपण ठेवला आहे, तर निदान पोवाड्याच्या चालीवर शेवट करू नये.

पुढचे पाऊल म्हणून एवढे करावे. पटकथेवर आणखी काम करण्याआधी नाक्याचे दृश्य उसन्या कॅमेऱ्यावर, गावातल्या माणसांना घेऊन, संगीताशिवाय चित्रित करून पाहावे. ते सिनेमाशी संबंध नसलेल्या एखाद्या वयस्कर माणसाला दाखवावे, आणि त्याला कसे वाटले असे न विचारता काय झाले ते सांगायला सांगावे. तो शिपायाविषयी, कडब्याविषयी, हाली-कलदारच्या घासाघीशीविषयी बोलला तर काम बरोबर चालले आहे. तो शूटिंगविषयी बोलला तर कॅमेऱ्याची जागा बदलून तेच दृश्य पुन्हा घ्यावे, आणि बजेटचा कागद त्यानंतरच लिहायला घ्यावा.